नवा सॉफ्ट सिंथ, पहिला महिना: तुमचे अनुभव सांगा

तीन आठवड्यांपूर्वी व्हायटल हा सॉफ्ट सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा सिंथेसायझर, उतरवून घेतला. मॅट टायटेल यांचा हा वेव्हटेबल (साठवलेल्या लहरींतून आवाज बनवणारा) सिंथ 2020 सालचा, म्हणजे जगासाठी जुनाच. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र नवा पाहुणा. पहिल्या रात्री ठरवलं होतं, अर्ध्या तासात एखादा बरा पॅड (लांब, पसरणारा आवाज) शोधायचा आणि अडकलेली चाल पुढे न्यायची. रात्री दोनला हेडफोन काढले तेव्हा चाल होती तिथेच होती आणि मी 'प्लक' (तार छेडल्यासारख्या) प्रकारातले आवाज एकामागून एक ऐकत बसलो होतो. प्लक मला मुळात नकोच होता!

एका गोष्टीने मात्र जिंकलं. एलएफओ (दुसरा नॉब आपोआप हलवणारी संथ लहर) फिल्टरच्या कटऑफला, म्हणजे आवाज जिथून कापला जातो त्या बिंदूला, जोडला की नॉबभोवतीची रेघ आवाजाबरोबर हलते. इतकी वर्षं 'मॉड्युलेशन' हा शब्द नुसता तोंडात होता, त्या रात्री तो डोळ्यांनी पाहिला. शब्द टाइप करून त्याच्या उच्चाराचा वेव्हटेबल बनवायचीही सोय आहे. मी स्वतःचं टोपणनाव दिलं. सर्दी झालेला यंत्रमानव हाक मारतोय असं वाटलं.

तर धागा यासाठी. कुठलाही सॉफ्ट सिंथ चालेल, फुकटचा किंवा विकतचा. काय काय सोयी आहेत ते कंपनीच्या पानावर वाचता येतं, इथे नको. पहिल्या महिन्यात हात कुठे अडला, कान कुठे थबकला, काय बिघडलं, ते लिहा.

कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो

घरी बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर साठवतो तो तुकडा) 512 सॅम्पलवर ठेवून सराव केला. 44.1 किलोहर्ट्झला 512 म्हणजे साधारण 11.6 मिलिसेकंद, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा उशीर. पॅड वाजवताना हे जाणवतही नाही. पण पियानोसारखा टोकदार आवाज लावून ड्रमरसोबत बसलो आणि बोट आधी, आवाज मग, असं व्हायला लागलं. ते भरून काढायला मी नकळत ठोक्याच्या आधी कळ दाबू लागलो. ड्रमरने दोनदा मान वर करून बघितलं, तिसऱ्यांदा विचारलं, "घाई कसली आहे?"

मग बफर 128 केला, म्हणजे 2.9 मिलिसेकंद. बोटं खूश, प्रोसेसर नाराज. हिशोब आधी केला असता तर कळलं असतं: चार स्वरांची कॉर्ड, तीन ऑसिलेटर (मूळ लहर बनवणारे भाग), प्रत्येकावर सात पदरी युनिसन (त्याच स्वराच्या किंचित सरकलेल्या प्रती), म्हणजे 84 ऑसिलेटर एका वेळी. रिलीज (कळ सोडल्यावर आवाज विझायचा वेळ) लांब असेल तर पुढची कॉर्ड आली तरी आधीचे 84 विझत असतात. दुसऱ्या अंतऱ्याला स्पीकरमधून सुकी पानं तुडवल्यासारखी कडकड सुरू झाली. वाजवता वाजवताच युनिसन सातावरून तीनवर आणला. कडकड थांबली आणि आवाज बारीक झालाय हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. बास, गिटार आणि झांजा भरून वाहत असताना ती रुंदी कुणाला ऐकू येणार?

दुसरा एक विकतचा सिंथ होता, नाव घेत नाही. साउंडचेकला उघडला तर लायसन्स पुन्हा तपासायला इंटरनेट मागू लागला. तळघरातला हॉल, नेटवर्कची एक कांडी नाही. तो कार्यक्रम कीबोर्डच्या आतल्या आवाजांवर काढला. तेव्हापासून निघण्याआधी लॅपटॉप एअरप्लेन मोडवर टाकतो आणि सगळं एकदा उघडून बघतो.

मिक्सिंग करते

नवा सिंथ आला की मी चोरासारखी आधी मागच्या दाराने शिरते. प्रीसेट (आयता बनवलेला आवाज) लावते आणि एकेक इफेक्ट बंद करत जाते. परवा एक पॅड असाच सोलला. रिव्हर्ब काढला, अर्धा आवाज गेला. डिले काढला, हालचाल गेली. कोरस काढला, युनिसन एकावर आणला. खाली राहिली फिल्टरमधून आलेली एक सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर), जी बाकीच्या कुठल्याही सिंथमध्ये असते. प्रीसेट करणाऱ्याची चूक नाही, त्याला पहिल्या पाच सेकंदांत तुम्हाला थांबवायचं असतं. पण पाच ट्रॅकवर पाच असे फुगलेले आवाज घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात, "गायक मागे का गेला?"

त्या उघड्या सॉ वेव्हवर मी सिंथबद्दल मत बनवते. सगळ्यात वरच्या सप्तकात जायचं, एक कळ धरून पिच हळूहळू चढवायचा. स्वर वर जात असताना मागे दुसरी एखादी बारीक शिट्टी खाली घसरताना ऐकू आली तर ते एलियासिंग. 44.1 किलोहर्ट्झला 22,050 हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही, आणि सॉचे वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) तिथे आपटून उलटे फिरतात. चांगला ऑसिलेटर हे मुळातच टाळतो. काही सिंथमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचं बटण असतं, ते चढवलं की शिट्टी दबते आणि प्रोसेसरचं मीटर चढतं. वरच्या कीबोर्डवाल्यांनी स्टेजवर ते बंदच ठेवावं. फायनल बाउन्सच्या, म्हणजे गाणं फाइलमध्ये काढण्याच्या, वेळी चालू करायचं.

गाते, पेटी वाजवते

माझं दुखणं वेगळं. कीबोर्डवरचा गंधार मला कायम चढा लागतो, आणि तो असतोच: 5/4 चा शुद्ध गंधार 386 सेंटवर (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग), कीबोर्डचा 400 वर. सर्ज एक्सटी हा सॉफ्ट सिंथ घेतला तो केवळ यासाठी, की त्यात स्काला फाइलने स्वर आपल्याला हवे तसे लावता येतात. (2018 पासून तो ओपन सोर्स आहे, त्यामुळे घ्यायचा म्हणजे नुसता उतरवायचा.) फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: एका ओळीत वर्णन, मग स्वरांची संख्या, मग एकेका ओळीवर एकेक गुणोत्तर.

मी हौसेने लिहायला बसले. 1/1 षड्ज, 16/15 कोमल रिषभ, 9/8 शुद्ध, असं करत 15/8 च्या निषादापर्यंत बारा ओळी. लोड केली, सा दाबला, ठीक. शेजारची काळी दाबली, तर तीही सा! तार षड्जाच्या जागी निषाद बोलत होता, आणि वरची सप्तकं एकेक पायरी खाली बसत गेली होती. तासभर सिंथला दोष दिला. चूक माझी होती. या फाइलमध्ये 1/1 लिहायचाच नसतो, तो गृहीत असतो. यादी संपवायची ती 2/1 वर. पहिली ओळ खोडली, शेवटी 2/1 घातला, झालं.

मग साधा सॉ लावला, कोरस-बिरस काही नाही, आणि सा-ग एकत्र धरले. कीबोर्डच्या नेहमीच्या सुरावटीत मधल्या सप्तकात या जोडीत सेकंदाला सुमारे 10 वेळा थरथर होते, कारण साचा पाचवा आणि गचा चौथा हार्मोनिक एकमेकांवर घासतात. माझ्या फाइलवर ती थरथर थांबली. दोन कळा दाबलेल्या आणि आवाज एकच, गुळगुळीत. पेटीवर जन्मात हे ऐकलं नव्हतं. मी बराच वेळ तशीच बसले होते, हात उचलवेना.

माझी पट्टी काळी चार, त्यासाठी कीमॅप नावाची (कुठल्या कळेवर कुठला स्वर ते सांगणारी) दुसरी फाइल लागते, तेही एकदाचं जमलं. मींडेचं मात्र घोडं अडलं. पिच बेंड मुळात दोन सेमीटोनचा असतो, त्यात सावरून जेमतेम रिषभ गाठतो. तो 12 केला तर चाकाला वाऱ्याने धक्का लागला तरी स्वर उडतो. शेवटी 5 वर ठेवलाय, सा ते मध्यम. ग्लाइडही वापरून पाहिला. तो एका स्वरावरून दुसऱ्यावर लिफ्टसारखा जातो, वाटेत कुठे रेंगाळत नाही. गळा रेंगाळतो. तेव्हा मींड चाकावरच, आणि रियाज पुन्हा पहिल्यापासून.

पूर्वी डीएक्स7 होता

1983 चा यामाहा डीएक्स7 हा सिंथ कीबोर्ड मी अनेक वर्षं बाळगला. 6 ऑपरेटर (लहरी बनवणारे भाग), 32 अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायच्या रचना), आणि हे सगळं दोन ओळींच्या पडद्यावर एका स्लायडरने फिरवायचं. म्हणजे किल्लीच्या भोकातून खोली बघायची. आता डेक्स्ड (त्याचीच कॉम्प्युटरवरची नक्कल) उघडला तर सहाच्या सहा ऑपरेटर समोर मांडलेले. जुन्या सिसेक्स (डीएक्स7चे आवाज साठवलेल्या) फाइली सापडल्या, लोड केल्या, बँकेतले 32 आवाज जागच्या जागी.

पहिला दिवस तरी निराशेचा गेला. इलेक्ट्रिक पियानो कर्कश वाटला. एफएममध्ये, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून आवाज बनवायच्या डीएक्स7च्या तंत्रात, कळ जोरात दाबली की आवाज मोठा होण्याबरोबर त्याचा रंगही उजळतो, आणि माझा नवा मिडी कीबोर्ड हलक्या दाबालाही मोठे आकडे पाठवत होता. व्हेलॉसिटी कर्व्ह (किती जोराला कुठला आकडा ते ठरवणारी रेघ) बदलला तशी पियानोतली घंटा परत मऊ झाली. जाता जाता: जॉन चाऊनिंग यांना हे तंत्र 1967 मध्ये स्टॅनफर्डला व्हायब्रॅटोशी खेळतानाच सापडलं. व्हायब्रॅटो इतका जलद केला की तो व्हायब्रॅटो राहिलाच नाही.

गिटारवाला

नऊ दिवसांनी सिंथ काढून टाकला. तारेला हात लावायची सवय आहे, माउसने कटऑफ फिरवताना वाद्याऐवजी वीजबिल भरतोय असं वाटलं. आठ नॉबचा कंट्रोलर मिळाला तर परत बघेन. कंट्रोलरही मित्राकडून उसना आणेन, आधीच सांगतो.

दिसत नाही, ऐकून काम करतो

वरच्या मजकुरात 'नॉबभोवतीची रेघ हलते' वाचून हसू आलं. मला नवा सिंथ म्हणजे आधी एक प्रश्न: टॅब दाबल्यावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काही बोलतो का? आजवर बऱ्याच प्लगइननी उत्तर दिलं नाही. त्यांच्यासाठी नॉब म्हणजे चित्र, आणि चित्राला नाव नसतं. मी प्रीसेट बदलत राहायचो आणि आत काय आहे ते डीएडब्ल्यूच्या (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या) ऑटोमेशन यादीतून चाचपायचो. त्या यादीत शेकडो नावं.

सर्ज एक्सटीत स्क्रीन रीडरची सोय आहे कळलं, म्हणून घेतला. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर चालू करून टॅब दाबत गेलो. ऑसिलेटर, फिल्टर, कटऑफ, आणि कटऑफचा आकडा हर्ट्झमध्ये! बाणाच्या कळेने वाढवला, तसा आवाज उघडत गेला आणि आकडा बोलत गेला. पहिल्यांदाच शून्यापासून, म्हणजे इनिट पॅचवरून, कुणाला शेजारी न बसवता आवाज बनवला. साधा बास आहे, खास काही नाही. सेव्ह करताना नाव काय द्यावं सुचेना, 'माझा बास' दिलं.

वेग कमी आहे हे खरं. टॅबने हव्या त्या नॉबपर्यंत जाताना वाटेत बरीच स्टेशनं लागतात. पण गाडी थांबते तरी.

धागाकर्ता

मिक्सिंगवाल्यांचं ऐकून काल माझा लाडका पॅड सोलला. खाली काय निघालं ते सांगत नाही, लाज वाटते. पेटीवाल्यांना एक विचारायचंय: तुमच्या फाइलमध्ये कोमल निषाद 16/9 ठेवलाय की 9/5?

गाते, पेटी वाजवते

दोन फाइली केल्यात. मध्यमाशी जुळवून घ्यायचा असेल तेव्हा 16/9, कोमल गंधाराशी पंचमाचं नातं हवं असेल तेव्हा 9/5. दोन्हींत साडेएकवीस सेंटचा फरक आहे, कान देऊन ऐकलंत तर लगेच सापडेल. दोन्ही फाइली पाठवते. 1/1 खोडलाय, काळजी नको.