सपाट यादीची जाळी करताना प्रत्येक ओळीत तीच नावे का येतात?

प्रश्न
पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट ते माहीम या ११ स्थानकांची नावे माझ्याकडे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका लिस्टमध्ये (यादीत) क्रमाने आहेत आणि ती मला चार स्तंभांच्या जाळीत बसवायची आहेत. त्यासाठी मी चार 'नन'ची (None, म्हणजे 'काही नाही' असे दाखवणारे मूल्य) एक ओळ केली, ती चौकोनी कंसात घालून तीनने गुणली आणि शून्यापासून मोजलेल्या अनुक्रमांकाला चारने भागून, भागाकार ही ओळ व बाकी हा स्तंभ धरून, एकेक नाव भरत गेलो. तरीही तिन्ही ओळींत 'दादर, माटुंगा रोड, माहीम, प्रभादेवी' एवढेच दिसते. चर्चगेटचा पत्ताच नाही आणि प्रभादेवी माहीमच्याही पुढे गेली आहे. माझे कुठे चुकत असावे?

उत्तर
भागाकाराचे गणित बरोबर आहे, घोटाळा गुणाकारात आहे. लिस्टला तीनने गुणल्यावर पायथन आतल्या ओळीच्या तीन प्रती करत नाही, तर त्याच एका ओळीचे तीन संदर्भ ठेवतो. त्यामुळे पहिल्या घरातल्या चर्चगेटवर आधी मुंबई सेंट्रल आणि मग दादर लिहिले गेले, तर चौथ्या घरात प्रभादेवी तशीच राहिली, कारण तिच्यावर लिहायला बारावे नाव यादीत नव्हते. पहिल्या दोन ओळींची 'इज'ने (दोन्ही एकच वस्तू आहेत का हे तपासणारा शब्द) तुलना करून पाहा, 'ट्रू' (खरे) असेच उत्तर येईल. आतली ओळ मात्र गुणाकाराने केली तरी बिघडत नाही, कारण 'नन' जागच्या जागी बदलता येत नाही.

खरे तर रिकामी जाळी आधी करण्याची गरजच नाही. रेंज (आकड्यांची मालिका) शून्यापासून लिस्टच्या लांबीपर्यंत चारच्या पावलाने चालवावी आणि प्रत्येक आकड्यापासून चार नावांचा स्लाइस (यादीचा तुकडा) घ्यावा. शेवटचा स्लाइस यादीबाहेर गेला तरी त्रुटी येत नाही. ती ओळ तीन नावांची होते, इतकेच.

दुसरे उत्तर
पायथन ३.१२ किंवा त्यापुढची आवृत्ती असल्यास इटरटूल्स या पायथनसोबतच येणाऱ्या मॉड्यूलमधले 'बॅच्ड' हेच काम करते, फक्त ओळी लिस्टऐवजी टपल (बदलता न येणारी यादी) म्हणून मिळतात. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा, जाळीचा आकार बदलणारा 'रीशेप' येथे उपयोगी नाही, कारण ११ घटक तीन गुणिले चारमध्ये बसत नाहीत आणि तो 'व्हॅल्यूएरर' ही त्रुटी देतो. शिवाय एवढ्याशा नावांसाठी नमपाय आणणे मला तरी अवाजवी वाटते.

प्रश्नकर्ता
स्लाइसने जाळी बरोबर आली, आभारी आहे. आता नावे आडवी न लावता, इंडिकेटरखालच्या स्थानकांच्या यादीसारखी वरून खाली लावायची असतील तर काय करावे?

उत्तर
तेव्हा ओळींची संख्या, म्हणजे तीन, हेच स्लाइसचे पाऊल होते. शून्यापासून तीनच्या पावलाने घेतल्यास पहिली ओळ 'चर्चगेट, ग्रँट रोड, लोअर परळ, माटुंगा रोड' अशी येते. पुढच्या दोन ओळी एक आणि दोनपासून सुरू कराव्यात. तिसरी ओळ दादरवर संपेल आणि शेवटचे घर येथेही रिकामेच राहील.