शब्दचर्चा : अर्जात लिहायच्या 'हार्डशिप'ला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न

माझी भाची न्यू जर्सीत वाढली असून तेथील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अर्ज भरत आहे. टेक्सासमधील सरकारी महाविद्यालयांसारखे अपवाद सोडले, तर एम.डी.चा (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) प्राथमिक अर्ज 'एएमकॅस' या एकाच सेवेमार्फत सर्वत्र जातो. त्यात ५,३०० अक्षरांचे आत्मनिवेदन असते आणि २०२३ साली सुरू झालेल्या प्रवेशफेरीपासून 'अदर इम्पॅक्टफुल एक्स्पिरियन्सेस' हा एक ऐच्छिक प्रश्नही असतो. घरची परिस्थिती, पैसा, राहती वस्ती, शिक्षण, धर्म यांपैकी काही वाटेत आडवे आले असेल, तर ते मोकळ्या जागा धरून १,३२५ अक्षरांत मांडायचे असते.

तिच्यासमोर तीन गोष्टी आहेत. वडील नोकरीशी जोडलेल्या एच-१बी व्हिसावर असताना त्यांची नोकरी गेली, तो काळ ही पहिली. दुसरी आईची : इथे शाळेत विज्ञान शिकवणारी ही बाई तिथे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या, तेव्हा कामाची मुभा न देणाऱ्या एच-४ व्हिसामुळे कित्येक वर्षे घरी बसून राहिली. तिसरी तिची स्वतःची : एकविसावे वर्ष पूर्ण होताच वडिलांवर अवलंबून असलेला तिचा एच-४ संपला आणि आठवीपासून ज्या गावात शिकली, तिथेच तिला विद्यार्थी व्हिसावर परदेशी म्हणून राहावे लागले. "यातली तुझी हालअपेष्टा कोणती?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हालअपेष्टा फार मोठं वाटतं आणि अडचण फारच छोटं." या दोहोंच्या मधला शब्द कोणता?

उत्तर

मधला शब्द शोधण्यापेक्षा प्रत्येक शब्दाला कोणते क्रियापद लागते ते पाहावे, असे मी सुचवीन, कारण आपल्या भाषेत सोसण्याचे शब्द तीव्रतेनुसार कमी आणि 'कोणी सोसले' यानुसार अधिक वेगळे होतात. अडचण येते आणि सुटते. संकट कोसळते किंवा टळते. हाल होतात, मूळ अरबीत 'हाल' म्हणजे केवळ स्थिती, आपण मात्र ती वाईटच धरून अनेकवचनात वापरतो. खस्ता मात्र खाव्या लागतात, आणि त्या खाणारा हातपाय हलवत असतो. फारसीत 'खस्ता' म्हणजे घायाळ, थकलेला. मराठीने त्यात कष्टांची भर घातली. म्हणूनच "आईबापांनी खस्ता खाल्ल्या" हे वाक्य सहज येते, आणि पाळण्यातल्या मुलाने खस्ता खाल्ल्या असे कोणी म्हणत नाही.

या कसोटीवर तिन्ही गोष्टी लावून पाहा. नोकरी गेल्यावर एच-१बीधारकाला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि तेवढ्यात नवा मालक गाठणे, व्हिसाचा प्रकार बदलणे किंवा देश सोडणे यांपैकी काहीतरी करावे लागते. त्या खस्ता वडिलांच्या आहेत. आईच्या वाट्याला आली ती कुचंबणा. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात उपासमार नाही, मारझोड नाही, वरवर सगळे ठीक आहे, फक्त माणसाला आपल्या अंगचे काही करता येत नाही आणि तसे उघड बोलताही येत नाही. एच-४वरील काही जोडीदारांना काम करण्याची मुभा २०१५ साली मिळाली. त्यापूर्वीच्या वर्षांना याहून नेमका शब्द मला सापडत नाही.

भाचीला या दोन्हींची झळ पोहोचली. झळ ही दुसरीकडे पेटलेल्या आगीची असते. ती सोसणाऱ्याला कमी लेखण्याचे कारण नाही, पण आग आपलीच होती असे लिहिता येत नाही. आईवडिलांच्या खस्ता मुलाने स्वतःच्या नावावर मांडल्या की निबंध खोटा वाटू लागतो, मग त्यातली प्रत्येक घटना खरी का असेना.

आणखी एक उत्तर

'संघर्ष' हा शब्द कसा वाटतो? वृत्तपत्रांत सर्रास तोच येतो.

वरील सूचनेवर

संघर्षाला समोर कोणीतरी लागतो. शिवाय सत्कार समारंभांतून आणि गुणवंतांच्या मुलाखतींतून तो इतका वापरला गेला आहे की 'संघर्षमय प्रवास' वाचल्यावर डोळ्यांसमोर शाल आणि श्रीफळ यांखेरीज काही उभे राहत नाही.

उत्तर, अर्ज वाचणाऱ्या एका सदस्याकडून

परिचितांच्या मुलांचे असे मसुदे मी वाचून देते, म्हणून शब्दाबरोबर त्याच्या जागेबद्दलही लिहिते. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश 'नीट'च्या ७२० गुणांवर ठरतो. तिथे कोणी निबंध मागत नाही. घरची ओढगस्त अर्जात येते ती तहसील कचेरीतून मिळालेल्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या रूपाने. ती शब्दांत मांडायची वेळ आपल्यावर फक्त फीमाफीच्या अर्जात येते, आणि तिथले वाक्य पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहे : "माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असल्याने कृपया…" हलाखी हा शब्द त्या 'कृपया'शी असा जखडला गेला आहे की मराठी घरातले मूल इंग्रजीत लिहितानाही त्याच विनवणीच्या सुरात शिरते. अमेरिकेतील प्रवेश समितीला दया दाखवायची नसते. कोणत्या परिस्थितीतून हे गुण आणि हे काम आले, एवढे तिला समजून घ्यायचे असते.

भाचीच्या तिसऱ्या गोष्टीचा एक मसुदा कसा असू शकेल ते पाहा. "व्हिसाच्या अनिश्चिततेमुळे मला खूप त्रास झाला" या वाक्यात कळण्यासारखे काही नाही. त्याऐवजी : "नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उन्हाळी संशोधन योजनेचे पान मी उघडले, पात्रतेत नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असे वाचले आणि बंद केले. त्या उन्हाळ्यात आमच्याच प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत मी बिनपगारी काम केले." यात 'त्रास' हा शब्द नाही, पण अट आहे, केलेली निवड आहे, आणि कार्यानुभवाच्या रकान्यात एका उन्हाळ्याचे नाव साधेच का दिसते याचे उत्तरही आहे. पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालये नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांचे अर्जच घेत नाहीत, तेव्हा ही बाब तिने निवडलेल्या महाविद्यालयांच्या यादीतही उतरलेली असणारच.

आत्मनिवेदनात मात्र हे फार आणू नये. तिथे 'डॉक्टर का व्हायचे' हा प्रश्न असतो, आणि व्हिसा संपणे हे काही त्याचे उत्तर नव्हे. एकच प्रसंग दोन्हीकडे लिहिला तर जागा वाया जाते, आणि पुढे महाविद्यालयांचे स्वतंत्र अर्ज येतात, त्यांतही अनेकदा प्रतिकूल परिस्थितीबद्दल विचारतात. जे लिहिले त्यावर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो, म्हणून अनोळखी माणसासमोर शांतपणे बोलता येणार नाही असा घाव निवडू नये, हे मी प्रत्येकाला सांगते.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. आईची गोष्ट आपोआपच वगळली गेली. माझ्या बहिणीने स्वच्छ सांगितले की तिची कुचंबणा तिच्या मुलीने चार अनोळखी लोकांना वाचायला देऊ नये, आणि मला ते पटले. वडिलांचा काळ एका वाक्यात, झळ म्हणून येईल. उरलेल्या जागेत ती एकविसाव्या वर्षाबद्दल लिहील. त्या अवस्थेला आम्ही फोनवर 'टांगणीला लागणे' म्हणत होतो. ते योग्य आहे का?

उत्तर

टांगणीला लागतो तो जीव, आणि तो बहुधा एका निकालासाठी : शस्त्रक्रिया संपेपर्यंत, यादी लागेपर्यंत. भारतीयांना नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीनकार्डाची रांग दशकाहून लांब आहे, आणि मूल एकविसाचे झाले की सहसा त्या रांगेतून बाहेर पडते. अशा स्थितीला 'अधांतरी' म्हणावे. त्यात वाट पाहण्यापेक्षा पायाखाली जमीन नसणे अधिक आहे, आणि अधांतरी राहूनही माणूस परीक्षा देतो, प्रयोगशाळेत जातो, भाडे भरतो.