टायमिंग बेल्ट अजून दोन महिने ढकलता येईल का? (मदत हवी आहे, जरा लवकर)

मुशाफिर
गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. मेकॅनिक म्हणतोय टायमिंग बेल्ट बदलायला झालाय, गाडी दोन दिवस ठेवा. शनिवारी आई-बाबांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचंय, सगळं बुकिंग झालंय. गाडी मस्त चालतेय, कसलाही आवाज नाही, पिकअप, अ‍ॅव्हरेज जिथल्या तिथे. परत आल्यावर दोनेक महिन्यांनी निवांत बदलला तर चालेल ना? तसाही मागच्या सर्व्हिसिंगला एक बेल्ट बदललाय. उद्या सकाळी त्याला हो की नाही ते कळवायचंय.

पानाकिल्ली
गाडी कोणती? पेट्रोल की डिझेल? वर्ष? किती किमी? आधी हा बेल्ट कधी बदलल्याची नोंद आहे का? हे कळल्याशिवाय कुणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

जयू_
घाई करू नका. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा बेल्ट भर रस्त्यात तुटला होता. गाडी बंद पडली, टोचन करून नेली, नवा बेल्ट टाकला, संध्याकाळी गाडी दारात. गॅरेजवाले या बेल्टचा उगाच बाऊ करतात.

पानाकिल्ली
@जयू_ तुमचं इंजिन नॉन-इंटरफिअरन्स असणार, म्हणून निभावलं. त्यात वाल्व (सिलिंडरची झडप) पूर्ण उघडा राहिला तरी पिस्टन त्याला लागत नाही. इंटरफिअरन्स इंजिनात दोघांची जागा एकच असते, फक्त वेळ वेगळी, आणि ती वेळ हा बेल्ट सांभाळतो. क्रँकचे (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) दोन फेरे, कॅमचा (वाल्व उघडणारा दांडा) एक. ३००० आरपीएमला प्रत्येक वाल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, काही वाल्व उघडेच राहतात, आणि क्रँक मात्र फिरतच असतो. पिस्टन जाऊन वाल्ववर आपटतो. डिझेल असेल तर ही शक्यता जवळजवळ धरूनच चाला.

मुशाफिर
डस्टर, १.५ डिझेल, २०१३ची. सेकंड हँड घेतलीय, लाखाच्या वर चाललीय. आधीच्या मालकाने काय केलं होतं माहीत नाही. पण माझा प्रश्न एवढाच आहे: दोन महिने ढकलता येईल का?

चेनप्रेमी
म्हणून मी नेहमी सांगतो, बेल्टऐवजी टायमिंग चेनवालंच इंजिन घ्यावं. १.३ मल्टिजेटला चेन आहे, बेल्टची कटकटच नाही. पुढची गाडी घेताना हे आधी बघा.

पानाकिल्ली
चेनही ताणली जाते, ऑइल वेळेवर बदललं नाही तर लवकरच. आणि त्यांना शनिवारी निघायचंय, नवी गाडी घ्यायची नाहीये.

चेनप्रेमी
ताणली गेली तरी बहुतेक वेळा आधी खडखड करून सांगते. बेल्ट सांगतो का?

स्मिता_ग
हे मात्र खरं, बेल्ट सांगत नाही. मुशाफिर, "आवाज नाही" यावर अजिबात जाऊ नका. आमच्या जुन्या डिझेलचाही काही आवाज नव्हता. आदल्या रात्री व्यवस्थित चालवत आणली. सकाळी सेल्फ मारला तर इंजिन एरवीसारखं जोर लावून फिरेना, सुळसुळ हलकं फिरायला लागलं. कॉम्प्रेशनच नव्हतं. बेल्ट तुटला नव्हता, क्रँकच्या गिअरपाशी ओळीने दात मुळातून सोलले गेले होते. हेड (इंजिनाचा वाल्ववाला वरचा भाग) उतरवलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे चकचकीत ठसे, आणि वाल्व वाकलेले. बेल्टचं काम दोन दिवसांचं, हेडचं काम कित्येक आठवडे चाललं.

आणि एक विचारायचंय. मागच्या वेळी "एक बेल्ट" बदलला म्हणता, तो नक्की कुठला? बिल बघून सांगा.

मुशाफिर
बिलावर "ड्राइव्ह बेल्ट" लिहिलंय. तोच ना?

स्मिता_ग
नाही. तो बाहेरचा. अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवतो. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो. टायमिंग बेल्ट आत, कव्हरखाली असतो. म्हणजे तुमचा टायमिंग बेल्ट कदाचित पहिल्यापासूनचाच आहे.

रानवारा
कव्हरचा वरचा भाग काढून टॉर्चने बघा. तडे नसतील तर बिनधास्त जाऊन या. मी असंच करतो.

पानाकिल्ली
हे पटत नाही. हल्लीच्या बेल्टचं रबर वेगळं असतं, शेवटपर्यंत तडे न दिसता जाऊ शकतं. आतल्या काचेच्या धाग्यांचं काय झालंय ते टॉर्चने दिसत नाही. शिवाय वरून दिसतो तो बेल्टचा एक तुकडा. म्हणून तर कंपन्या किमी आणि वर्षं दोन्ही देतात, जे आधी भरेल ते. इंजिनागणिक आकडा वेगळा, साधारण ६० हजारांपासून दीड लाखाच्या पुढेही. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. पण २०१३चा बेल्ट असेल तर किमी मोजत बसण्यात अर्थ नाही, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

मुशाफिर
बरं. मेकॅनिक असंही म्हणाला होता की कव्हरच्या खालच्या कडेला थोडं ऑइल ओलं दिसतंय. मला वाटलं जुन्या गाडीत एवढं चालायचंच.

पानाकिल्ली
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! क्रँकचं किंवा कॅमचं ऑइल सील गळत असेल तर ऑइल थेट बेल्टवर जातं. रबर फुगतं, दात मऊ पडतात. आता दोन महिने सोडा, शनिवारही नको. आई-बाबा गाडीत असताना वेगात बेल्ट गेला तर इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि ब्रेकचा बूस्टर (ब्रेक हलका लागायला मदत करतो तो) दोन-चार दाबांपुरताच.

जयू_
घाबरवताय त्यांना. इतके दिवस चाललाय तर अजून हजार किमी चालेल.

स्मिता_ग
चालेलही. पण चालला नाही तर हेड उतरवायला तुम्ही येणार नाही. मुशाफिर, सील गळतंय आणि नोंद नाही, यापुढे विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही.

रानवारा
ठीक, ऑइल असेल तर मीही थांबेन. पण फक्त बेल्ट आणि सील बदला. वॉटर पंप चांगला असेल तर हात लावू नका, उगाच खर्च.

पानाकिल्ली
या इंजिनात पंप याच बेल्टवर फिरतो. उद्या पंपाचं बेअरिंग जाम झालं तर नव्या बेल्टचे दात जातील. पंप गळायला लागला तरी तिथे पोचायला सगळं पुन्हा उघडायचं, मजुरी पुन्हा तेवढीच. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) असेल तर तो, पंप आणि गळणारं सील, सगळं एकदमच.

मुशाफिर
कळवलं त्याला. आजच गाडी देतोय, शनिवारसाठी भावाची गाडी मागितलीय. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?

पानाकिल्ली
टोचन करून नेलेली बरी. चालवतच न्यायची असेल तर अंतर थोडं असेल तरच, इंजिन न ताणता. वाटेत बंद पडली तर क्लच दाबून कडेला घ्या. परत परत सेल्फ मारू नका, धक्का स्टार्ट तर अजिबात नाही. एकेका फेऱ्याला आणखी वाल्व वाकू शकतात. आणि मेकॅनिकला सांगा, बेल्ट बसवल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून क्रँक-कॅमच्या टायमिंगच्या खुणा जुळतात का ते बघ. कुठे अडकलं तर हाताला कळतं.

चेनप्रेमी
भावाची कुठली गाडी आहे? चेनवाली का?