मदत हवी आहे: यानांच्या नोंदणी क्रमांकांचा घोळ झालाय (तातडीचं)

अर्धवट_आकाश :
नमस्कार मंडळी. विज्ञानकथा लिहितो. अवकाशयानांना नोंदणी क्रमांक द्यायची एक पक्की पद्धत हवी आहे, पुढे कुठे फसणार नाही अशी. दोन कथा छापून झाल्या, तिसरी १५ ऑगस्टच्या आत द्यायची आहे आणि दिवाळी अंकवाले दिवसाआड फोन करतायत. त्यात एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, की तुमचे नंबर जुळत नाहीत. बघितलं तर खरंच जुळत नाहीत. कृपया 'आधी विश्व नीट उभं करा' हे सांगू नका, ते उभं आहे. फक्त नंबर सांगा.

टिंबटिंब :
कोणते नंबर? काय जुळत नाही? एखादं उदाहरण द्या की.

रुळावरचा_माणूस :
उदाहरण कशाला हवं? रेल्वेच्या डब्याची पद्धत उचला आणि मोकळे व्हा. जुन्या पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे बांधणीचं साल, पुढचे तीन प्रकार आणि क्रम. १०१ ते १५० थ्री टायर एसी, २०१ ते ४०० स्लीपर. ०४२०५ दिसला की समजायचं, २००४ सालचा स्लीपर. प्लॅटफॉर्मवर चहा पीत पीत गाडीची कुंडली मांडता येते. यापेक्षा चांगली पद्धत जगात नाही.

अर्धवट_आकाश :
साल घालता येणार नाही. मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, आपलं ३६५ चं. कुणाचं साल धरायचं? पहिल्या कथेतलं युद्ध त्यावरूनच तर पेटतं.

टिंबटिंब :
युद्ध आहे? हे आत्ता सांगताय. मग नोंदणी कोण करतं? एकच कार्यालय आहे की दोन?

अर्धवट_आकाश :
आता दोन. आधी एकच होतं. हे ओघाने लक्षात येईल असं वाटलं.

टिंबटिंब :
आम्ही कथा वाचलेली नाही हो.

तबकडी :
स्टार ट्रेक ही टीव्ही मालिका बघा. त्यातल्या एंटरप्राइज यानाचा नंबर एनसीसी-१७०१. मालिकेचा कलादिग्दर्शक मॅट जेफरीज, त्याने अमेरिकन नागरी विमानांवरचं 'एनसी' घेतलं आणि पुढे आणखी एक 'सी' जोडला. पुढची त्याच नावाची यानं १७०१-ए, बी, सी. सुटसुटीत.

आळशी_अगस्ती :
सुटसुटीत? त्याच मालिकेत कॉन्स्टेलेशन नावाच्या यानाचा नंबर १०१७ आहे. का, तर दुकानात मिळणारं प्लास्टिकचं मॉडेल आणलं आणि त्यातले १७०१ चे स्टिकर उलटसुलट चिकटवले. मग चाहते बसले पन्नास वर्षं त्याचा अर्थ लावत. धागाकर्त्यांना नेमकं हेच टाळायचंय.

तबकडी :
त्या काळी बजेट नव्हतं. पुठ्ठ्यावर काम चालायचं. उगाच नावं ठेवू नका.

चॉईस_नंबर :
एक शंका. पुण्यात एमएच-१२ ची नवी मालिका सुरू झाली की चॉईस नंबरसाठी पहिल्याच दिवशी जावं लागतं का? आणि मालिकेत आय आणि ओ ही अक्षरं का नसतात?

रुळावरचा_माणूस :
१ आणि ० सारखी दिसतात म्हणून. धाग्याचा विषय वेगळा आहे.

आळशी_अगस्ती :
नाही, विषयाला धरूनच आहे. उपग्रहांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकातही आय आणि ओ गाळतात. साल, त्या वर्षातलं कितवं उड्डाण, आणि त्या उड्डाणातला कितवा तुकडा. आर्यभट १९७५-०३३ए. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १९९८-०६७ए. गंमत म्हणजे स्थानकातून आजही एखादा छोटा उपग्रह सोडला तर त्याला १९९८-०६७ हाच क्रमांक मिळतो, फक्त पुढची अक्षरं बदलतात. काल जन्मलेल्या पोराच्या दाखल्यावर आजोबांचं जन्मसाल.

पण तुम्ही देवनागरीत लिहिताय ना? मग गाळायची अक्षरं वेगळी. घ आणि ध, भ आणि म, ख आणि रव. धुळीच्या वादळात शंभर मीटरवरून 'घ' वाचून दाखवा.

श्लोकवार्तिक :
देवनागरीचा विषय निघालाच आहे तर कटपयादी वापरा! अक्षरांतून आकडे लिहायची, आपल्याकडे शतकानुशतकं चालत आलेली पद्धत आहे. क, ट, प, य म्हणजे १, पुढे क्रमाने. नुसता स्वर म्हणजे शून्य. आकडे उलट्या क्रमाने वाचायचे. 'जय' घ्या. ज आठ, य एक. ८१, उलटून १८. महाभारताची पर्वं १८, आणि त्याचं मूळ नाव जय! नावातच नंबर. वेगळी पाटी रंगवायला नको. तुमच्या यानांची नावं काय आहेत?

अर्धवट_आकाश :
भृगू आणि अरुंधती.

श्लोकवार्तिक :
भृगू: भ चार, ग तीन, उलटून ३४. अरुंधती: अ शून्य, र दोन, ध नऊ, त सहा. उलटून ६९२०. झालं काम.

अर्धवट_आकाश :
ताई, मंगळाकडे सगळी मिळून सव्वाशे यानं आहेत. ६९२० कुठून आणू?

श्लोकवार्तिक :
मग नाव बदला.

अर्धवट_आकाश :
छापून झालंय!!

सेकंड_इंजिनियर :
जहाजावरून लिहितोय, नेट येतं-जातं, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या. आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा जहाजांसाठीचा नंबर बघा. सात आकडे. १९८७ साली योजना आली, १९९६ पासून सक्तीची. खुबी ही की नंबर जहाजाच्या सांगाड्याला चिकटतो. मालक बदलो, झेंडा बदलो, नाव बदलो, नंबर तोच, थेट भंगारात जाईपर्यंत. नियमाने बाहेरच्या बाजूला निदान २०० मिलिमीटर उंचीचा, आत १०० मिलिमीटरचा, आणि नुसता रंगवलेला चालत नाही. उठावदार हवा नाही तर कोरलेला. आमच्या इंजिनरूमच्या बल्कहेडवर, म्हणजे आडव्या भिंतीवर, वेल्डिंगने उठवलाय. रंगाचे इतके हात चढलेत की बोट फिरवून वाचावा लागतो. या जहाजाचं हे तिसरं नाव. मागच्या बाजूला उन्हं तिरपी पडली की रंगाखालून पहिल्या नावाची अक्षरं वर येतात.

तुमच्या कथेत यान पकडून दुसऱ्या बाजूने वापरलंय का? असेल तर हीच पद्धत.

अर्धवट_आकाश :
हो, भृगू पकडलेलंच आहे. तुम्हाला कसं कळलं?

टिंबटिंब :
युद्ध आहे म्हटल्यावर कळणारच. आता कृपा करून दोन्ही नंबर सांगा.

अर्धवट_आकाश :
भृगू मं-२१८. पहिल्या कथेत 'ताफ्यातलं सर्वांत जुनं यान' असं स्पष्ट लिहिलंय. अरुंधती मं-१७४. दुसऱ्या कथेत नायिकेच्या डोळ्यांदेखत गोदीतून बाहेर पडतं, कोरं करकरीत. पोस्टकार्डवाल्यांचं म्हणणं, जुन्याचा नंबर मोठा आणि नव्याचा लहान कसा?

पाणबुड्या :
एवढंच ना? असं होतं. आयएनएस दिल्ली डी-६१, १९९७ ला दाखल. तिच्या नंतर १९९९ ला आलेली म्हैसूर डी-६०. कोणाचं काही अडलं नाही. आणि नंबर पुन्हा वापरतातही. जुनी विक्रांत आर-११, १९९७ ला निवृत्त. २०२२ ला कोचीत दाखल झालेली नवी विक्रांत, तीही आर-११. पेनंट नंबर, म्हणजे लढाऊ जहाजाच्या अंगावरचा हा ओळख क्रमांक, जन्मक्रम नसतो.

अमेरिकेची मजा तर आणखी. त्यांच्या अणुपाणबुड्यांचे नंबर एसएसएन-७७३ पर्यंत शिस्तीत आले, मध्येच सीवुल्फ जातीच्या पाणबुड्यांना २१, २२, २३. कारण प्रकल्पाचं नाव 'एकविसाव्या शतकाची पाणबुडी', तोच आकडा चिकटला. मग पुढची व्हर्जिनिया परत ७७४.

सेकंड_इंजिनियर :
पेनंट नंबर लढाऊ जहाजांचा. नोंदणी म्हणजे नोंदणी. दोन्हींची गल्लत नको.

पाणबुड्या :
त्यांच्या कथेत युद्ध आहे, मालवाहतूक नाही.

सेकंड_इंजिनियर :
युद्धात डिझेल कोण पोचवतं साहेब?

रुळावरचा_माणूस :
रेल्वे.

चॉईस_नंबर :
आपल्या विमानांच्या नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीला व्हीटी असतं ते व्हिक्टोरिया टर्मिनसवरून का?

आळशी_अगस्ती :
नाही हो! 'व्हाइसरॉयज टेरिटरी' असंही फिरतं, तेही दंतकथाच. रेडिओच्या हाकेची अक्षरं देशोदेशी वाटली गेली, तेव्हा व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड हा पट्टा हिंदुस्थानच्या वाट्याला आला. शेजारच्या व्ही-अक्षरांवर कॅनडा, ऑस्ट्रेलिया बसलेत. तिथे कुठला व्हाइसरॉय?

टिंबटिंब :
मूळ प्रश्नाकडे या. नंबर कधी मिळतो ते ठरवा. मागणी नोंदवल्यावर, सांगाडा टाकल्यावर की यान बाहेर पडल्यावर? मागणीच्या वेळी मिळत असेल तर अरुंधतीची मागणी आधीची, युद्धामुळे बांधणी रखडली, म्हणून नंबर लहान. प्रश्न मिटला.

अर्धवट_आकाश :
भृगू युद्धाच्या चाळीस वर्षं आधीचं आहे. म्हणजे अरुंधती चाळीस वर्षं रखडली?

रुळावरचा_माणूस :
आपल्याकडचे काही उड्डाणपूल बघता अशक्य नाही.

सेकंड_इंजिनियर :
आणखी एक, आयएमओ नंबरात शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. ९०७४७२९ घ्या. पहिल्या सहा आकड्यांना ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा: ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९. शेवट ९, आणि सातवा आकडाही ९. लिहिताना कोणी चुकलं की लगेच उघडं पडतं. समजा पहिल्या ९ च्या जागी १ लिहिला, बेरीज ८३, शेवट ३. पकडला.

आळशी_अगस्ती :
थांबा. देवनागरीत ९ आणि १ ची गफलत सर्वांत जास्त, आणि ती तिसऱ्या जागी झाली तर तुमची पद्धत झोपते. तिथला गुणक ५. नऊ आणि एक यांत फरक ८, आठ पंचे चाळीस, शेवटचा आकडा हलतच नाही.

सेकंड_इंजिनियर :
आयएमओवाल्यांना देवनागरीत लिहायचं नव्हतं.

रुळावरचा_माणूस :
आमच्या वाघिणींना, म्हणजे मालगाडीच्या डब्यांना, हा त्रास नाही. अकरा आकडी नंबर: दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन सालाचे, चार क्रमाचे, शेवटचा पडताळणीचा. एकाआड एक आकडे ३ ने गुणायचे. आठ त्रिक चोवीस, नाही तर नुसते आठ. कुठल्याही जागी ९ चा १ झाला की सापडतो. पहिल्याच उत्तरात रेल्वे म्हटलं होतं.

टिंबटिंब :
धागाकर्ते, एक विचारू? कथा तुम्ही संगणकावर लिहिता की हाताने?

अर्धवट_आकाश :
हाताने. टंकन भाची करते. त्याचा काय संबंध?

टिंबटिंब :
मूळ कागद काढून १७४ बघा.

(दोन तासांनी)

अर्धवट_आकाश :
काढला. ९७४ आहे.

माझा ९ वरून जरा मिटलेला असतो. भाची म्हणते, मामा तुझा ९ आणि १ मला गेली सहा वर्षं अंदाजाने ओळखावा लागतोय. हे तिने आज सांगितलं.

आळशी_अगस्ती :
😂😂 अभिनंदन.

पाणबुड्या :
पण मग सव्वाशे यानांच्या ताफ्यात ९७४ कसा? २१८ समजू शकतो, बरीच भंगारात गेली असतील. ९७४ कुठून आणलात?

अर्धवट_आकाश :
माझ्या पहिल्या स्कूटरचा नंबर.

चॉईस_नंबर :
वा! चॉईस की सहज मिळालेला?

पाणबुड्या :
मला वाटतं ९७४ च ठेवा, कारण मी देतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे अनुक्रमांक जमवले आणि त्यावरून उत्पादन मोजलं. ऑगस्ट १९४२ चा आकडा घ्या. हेरगिरीचा अंदाज महिन्याला १५५०, अनुक्रमांकांवरून ३२७. युद्धानंतर जर्मन कागद सापडले, त्यात ३४२. क्रमाने नंबर दिले की शत्रूला तुमची मोजदाद फुकटात मिळते. तुमचे मंगळवाले युद्धात हे एकदा भोगतात आणि पुढचे नंबर मुद्दाम उड्या मारून देतात. २१८ शिस्तीच्या काळातला, ९७४ भीतीच्या.

अर्धवट_आकाश :
हे चालेल. हे फारच चालेल. म्हणजे एकत्र कार्यालय असतानाचे नंबर ओळीने, फुटल्यानंतर मंगळाचे विस्कळीत, पृथ्वीचे अजूनही ओळीने, कारण त्यांना माज आहे. आणि पकडलेल्या भृगूवर दोन्ही नंबर, एक रंगवलेला, एक वेल्डिंगचा. सेकंड साहेब, तुमचं ते बोट फिरवून वाचणं मी कथेत घेतो, परवानगी द्या.

सेकंड_इंजिनियर :
घ्या. दिवाळी अंक मात्र पाठवा. डिसेंबरात सुट्टीवर येतोय.

श्लोकवार्तिक :
कटपयादीचं काय ठरलं?

अर्धवट_आकाश :
ताई, मंगळावरचा एखादा कारकून कटपयादीने गुप्त नंबर पाडतो असं करतो. नक्की.

टिंबटिंब :
छापलेल्या १७४ चं काय करणार? पोस्टकार्डवाले सोडणार नाहीत.

अर्धवट_आकाश :
संपादकांना आत्ताच फोन केला. म्हणाले, दोन वर्षांपूर्वीच्या अंकाचं शुद्धिपत्र आता कोण छापणार. तेव्हा तिसऱ्या कथेच्या पहिल्या पानावर एक रंगारी शिडीवर चढून अरुंधतीच्या १ चा ९ करतोय आणि खालून मुकादम त्याच्या नावाने शंख करतोय, असं लिहायला घेतलंय. भाचीला सांगितलंय, हे पान टंकताना नंबर अक्षरी लिही.

चॉईस_नंबर :
जाणकार मंडळी जमलीच आहेत तर विचारतो. माझी गाडी २०११ ची आहे, पंधरा वर्षं भरल्यावर पुनर्नोंदणी केली की नंबर तोच राहतो का?

रुळावरचा_माणूस :
वेगळा धागा काढा.