गोलकीपर रिटायर झाल्यावर नेमकं करतो काय?

नवागडी

परवा 1982 च्या वर्ल्ड कप फायनलचा जुना व्हिडिओ बघत बसलो होतो. डिनो झोफ, इटलीचा कॅप्टन आणि कीपर, वय वर्षं 40, आणि हा बाबा कप उचलतोय. मी तिशीतच आहे आणि जिना चढताना माझा गुडघा बोलतो. तिथून डोक्यात किडा वळवळायला लागला की कीपर इतकी वर्षं खेळतात हे ठीक, पण थांबल्यावर यांचं होतं काय? स्ट्रायकर लोक टीव्हीवर बसतात, मिडफिल्डर कोच होतात, कीपर कुठे जातात?

विचारण्याचं खरं कारण वेगळं आहे. धाकटा भाऊ 17 चा आहे, अकॅडमीत कीपर, आणि घरात रोज एकच विषय: पुढे काय. बाबा म्हणतात अकरा जणांत एकच जागा, ती पण दुसऱ्याने अडवलेली. माझ्याकडे उत्तर नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा, आणि हो, बुफॉन बुफॉन करू नका, इटलीचा तो कीपर अपवाद आहे हे मलाही कळतं.

आकडेबहाद्दर

बुफॉन करू नका म्हणालात म्हणून आधी तोच घेतो. 1995 मध्ये 17 व्या वर्षी पार्मा क्लबकडून पहिली सेरी आ (इटलीची टॉप लीग) मॅच, आणि 2023 मध्ये 45 व्या वर्षी त्याच पार्मातून निवृत्ती. म्हणजे तुमच्या भावाच्या वयाला सुरू केलं आणि 28 वर्षं खेळला. इजिप्तचा एसाम अल हदारी तर 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये 45 वर्षं उलटून गेल्यावर उतरला आणि सौदीविरुद्ध पेनल्टीही अडवली. टीम हरली तो भाग वेगळा. इंग्लंडचा कीपर पीटर शिल्टनच्या तर फक्त लीगच्याच 1005 मॅचेस आहेत.

हे जमतं कारण कीपरची धाव कमी. बाकीचे मॅचला दहा-अकरा किलोमीटर पळतात, कीपरचं साधारण त्याच्या अर्ध्यात भागतं. शिवाय पोझिशनिंग वयाबरोबर सुधारतं, त्यामुळे उडी दोन इंच कमी झाली तरी चालतं कारण तुम्ही आधीच योग्य जागी उभे असता.

बाबांचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. विंगर बसवायचा नसेल तर कोच त्याला फुलबॅक खेळवून बघतो, दुसऱ्या नंबरच्या कीपरला कुठे खेळवणार?

कट्टेकरी

जागा एकच वरून आठवलं, इंग्लंडचा कीपर स्कॉट कार्सन. 2019 ते 2025 मँचेस्टर सिटीत होता आणि मॅचेस किती तर दोन. दो-न. त्यातल्या एकीत पेनल्टी अडवली तर रिबाउंडवर गोल झाला, नशीब बघा. पण चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या स्क्वॉडमध्ये नाव आहे. लोक हसतात की फुकटचा पगार, पण हाच माणूस 2007 मध्ये क्रोएशियाविरुद्ध इंग्लंडच्या गोलमध्ये उभा होता, लांबून आलेला शॉट हातातून सुटला, इंग्लंड युरोला गेलं नाही आणि पेपरवाल्यांनी त्याला सोलून काढला. तेव्हा तो 22 चा होता. त्या रात्रीनंतर जवळजवळ 18 वर्षं तो प्रोफेशनल राहिला हे मला त्या मेडलपेक्षा मोठं वाटतं.

आणि ही चूक चिकटते ना, ती रिटायर झाल्यावरही उतरत नाही. ब्राझीलचा कीपर बार्बोसा. 1950 च्या वर्ल्ड कपची निर्णायक मॅच, रिओचं माराकाना स्टेडियम, उरुग्वेचा पहिला गोल त्यांच्या विंगर घिज्जाच्या क्रॉसवर झालेला, म्हणून दुसऱ्यांदा घिज्जा आला तेव्हा बार्बोसा क्रॉसच्या अंदाजाने पोस्टपासून एक पाऊल सरकला आणि पठ्ठ्याने बॉल त्याच फटीतून आत घातला. विचार बरोबर होता हो, निकाल चुकला. पुढे तो म्हणायचा की ब्राझीलमध्ये सगळ्यात मोठी शिक्षा 30 वर्षांची, मी 50 वर्षं भोगतोय. 2000 मध्ये गेला. स्ट्रायकरने ओपन गोल घालवला तर दोन आठवडे मीम्स, आणि कीपरला जन्मठेप.

शिट्टी

मी रेफरी असल्यामुळे कीपर लोकांशी माझं फारसं जमत नाही :) पण एक लक्षात घ्या, झोफ पुढे कोच झाला होता. युव्हेंटसला 1990 मध्ये यूएफा कप जिंकून दिला, इटलीला युरो 2000 च्या फायनलपर्यंत नेलं, ती गोल्डन गोलवर (एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल करेल तो जिंकला) हरले आणि राजकारण्यांनी टीका केली म्हणून साहेबांनी राजीनामा तोंडावर फेकला. मानी माणूस. कोच नूनो एस्पिरितो सान्तो कीपरच होता, कोच लोपेतेगी पण. जर्मनीचा कीपर ऑलिव्हर कान बायर्न म्युनिक क्लबचा सीईओ झाला. तेव्हा कुठेच जात नाहीत असं नाही.

तरी कीपरमधून हेड कोच झालेले कमी, आणि मला वाटतं त्याचं कारण साधं आहे: वर्षानुवर्षं कीपर वेगळ्या कोपऱ्यात वेगळ्या कोचबरोबर प्रॅक्टिस करत होते, टॅक्टिक्सची चर्चा चालायची तेव्हा हे लोक क्रॉस पकडत असायचे. 1992 मध्ये बॅकपासचा नियम आला (आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल कीपरने हातात घ्यायचा नाही) आणि पायाने खेळणं भाग पडलं. आता तर कीपरपासूनच मूव्ह सुरू होते, तो पासिंग ड्रिलमध्ये सगळ्यांबरोबर असतो. त्यामुळे आजचे कीपर पंधरा वर्षांनी जास्त संख्येने कोच दिसतील असा माझा अंदाज. चुकलो तर धागा वर काढून झोडपा.

जुनाग्लोव्ह

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या विषयावर मात्र लिहिल्याशिवाय राहवेना. मी 14 वर्षं प्रोफेशनल कीपर होतो, तुम्हाला नाव माहीत असेल अशा पातळीवर नाही, खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि त्यातली निम्मी वर्षं बेंचवर. आता 41 चा आहे.

सगळे विचारतात पैशाचं. पैसा हा प्रॉब्लेम आहेच, खालच्या लीगमध्ये कॉन्ट्रॅक्ट वर्षा-दोन वर्षांचं असतं आणि दर मे महिन्यात पोटात गोळा येतो. माझा खांदा गेला त्या सीझनला क्लबने रिन्यू केलं नाही, फोनसुद्धा नाही, किट घ्यायला गेलो तर लॉकरवर दुसऱ्याचं नाव. ऑपरेशन स्वतःच्या खर्चाने केलं. क्लब कुठला ते जाऊ दे.

पण मला जे जड गेलं ते वेगळंच होतं. कीपरचं काम म्हणजे नव्वद मिनिटं वाट बघणं, आणि त्या नव्वदमध्ये कधी तरी येणाऱ्या दोन-तीन सेकंदांसाठी पूर्ण जागं राहणं. बॉल समोरच्या टोकाला असला तरी तुम्ही दोन पावलं पुढे, दोन मागे, डिफेन्सला ओरडून ओरडून घसा बसलेला. हे जागं राहणं इतक्या वर्षांत अंगात भिनतं आणि रिटायर झाल्यावर त्याला कुठे बंद करायचं बटण नसतं. पहिले सहा महिने शनिवारी दुपारी मला घरात बसवायचं नाही. आजही बायकोने गाडीची किल्ली फेकली तर मी दोन्ही हातांनी, हातांच्या मागे छाती आणून पकडतो, पोरं हसतात. उजव्या हाताची करंगळी दोनदा निखळली होती, शेजारच्या बोटाला टेप करून खेळलो, आता ती वाकत नाही. शेकहँड करताना लोकांच्या लक्षात येतं.

झोपेचंही तसंच. जिंकलेल्या मॅचचेही गोल रात्री डोळ्यासमोर यायचे, पाऊल कुठे होतं, वजन कुठल्या पायावर होतं. तो प्रकार थांबला तेव्हा चक्क चुकल्यासारखं वाटलं.

चेल्सीचा कीपर पेत्र चेकचं मला म्हणून अप्रूप वाटतं. 2006 मध्ये मॅचमध्ये कवटी फुटली, तीन महिन्यांत परत आला, शेवटपर्यंत ते हेल्मेट घालून खेळला. 2019 ला थांबला आणि त्याच वर्षी गिल्डफर्डच्या एका छोट्या आइस हॉकी टीमचा गोली म्हणून उभा राहिला, पहिल्याच मॅचला शूटआउटमध्ये शॉट अडवून टीमला जिंकून दिलं. लोकांना गंमत वाटली. मला लगेच कळलं, त्याला परत वाट बघायची होती.

मी आता लहान मुलांचा कीपर कोच आहे. पगार बेताचाच, सकाळी दुसरी नोकरी करतो. पण संध्याकाळी ओले ग्लोव्हज हातात आले की बरं वाटतं.

आकडेबहाद्दर

जुनाग्लोव्ह, लिहीत राहा राव. वेल्सचा कीपर नेव्हिल साउथॉलबद्दल सांगायचं राहिलं, एव्हर्टनकडून 750 मॅचेस खेळलेला माणूस, पुढे शाळेने बाहेर काढलेल्या, विशेष मदत लागणाऱ्या मुलांना शिकवायचा. कोणी स्टुडिओत बोलावलं नाही म्हणून नव्हे, त्याला तेच करायचं होतं.

कट्टेकरी

एक जरा जड विषय, पण भावासाठी विचारताय म्हणून लिहितो. जर्मनीचा कीपर रॉबर्ट एन्के, याने 2009 मध्ये नैराश्यातून आत्महत्या केली, खेळत असतानाच. कोणाला कळू दिलं नव्हतं कारण कळलं तर जागा जाईल ही भीती. नंतर त्याच्या नावाने फाउंडेशन निघालं, खेळाडूंच्या मानसिक आरोग्यासाठी. भावाच्या अकॅडमीत बोलायला कोणी आहे का हे विचारून ठेवा, टाळ्या-ट्रॉफीच्या आधी.

नवागडी

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. @जुनाग्लोव्ह, एक सरळ प्रश्न. तुमचा मुलगा 17 चा असता आणि कीपर व्हायचं म्हणाला असता तर?

जुनाग्लोव्ह

होऊ दिला असता, पण दोन अटींवर. शिक्षण सोडायचं नाही, बेंचवर बसायला भरपूर वेळ मिळतो, तो मोबाइलमध्ये घालवायचा नाही. मी घालवला (तेव्हा पत्ते होते). आणि कोचिंगचं पहिलं लायसन्स खेळता खेळताच काढायचं, मी 36 व्या वर्षी वीस वर्षांच्या पोरांबरोबर वर्गात बसलो होतो, ते नको. बाबांना सांगा, एकच जागा आहे हे खरं, पण ती एकदा मिळाली तर लवकर कोणी काढून घेत नाही. मी दोन्हीकडून अनुभवलंय.

त्याला बोटं सांभाळायला सांगा. आणि ग्लोव्हजचे तळवे मॅचआधी ओलसर करायचे, कोरड्या लॅटेक्सला ग्रिप नसते.

नवागडी

भावाला अख्खा धागा वाचायला दिला. बार्बोसा वाचला, एन्के वाचला, सगळं वाचून झाल्यावर पठ्ठ्याने एकच विचारलंय: ओलसर म्हणजे नेमके किती ओले, आणि पाऊस असेल तर पण करायचे का?

जुनाग्लोव्ह

हात फिरवल्यावर लागावं इतपतच, निथळायला नको. पाऊस असेल तर टॉवेल पोस्टच्या मागे ठेवायचा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, त्याला एखाद्या संध्याकाळी फोन करायला सांगा.