विषय: यंदाचा सिनेमा कूलिज कॉर्नरला लावूया

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाचा यंदाचा मराठी सिनेमा हायवेवरच्या मल्टिप्लेक्सऐवजी बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनच्या कूलिज कॉर्नर थिएटरमध्ये लावावा आणि ज्यांना परवडेल त्यांनी तिथलं वैयक्तिक सभासदत्वही घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

हार्वर्ड स्ट्रीटवरची ही इमारत मूळची १९०६ सालचं चर्च. १९३३ मध्ये तिथे आर्ट डेको थाटाचं, म्हणजे त्या काळच्या भौमितिक नक्षीच्या शैलीतलं, चित्रपटगृह झालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडायची वेळ आली, तेव्हा गावातली माणसं हातात हात घालून इमारतीभोवती कडं करून उभी राहिली. १९८९ पासून एक ना-नफा संस्था ते चालवते. २०२४ मध्ये दोन नवे पडदे वाढवले, पण जुनं मोठं प्रेक्षागृह तसंच ठेवलं. ३५ आणि ७० मिमीच्या रिळांवरचे खेळ तिथे अजून होतात. आता हे किती ठिकाणी उरलंय?

अशा जागांचं गणित फार नाजूक असतं. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा, बरेचदा निम्म्याहून जास्त, वितरकाकडे जातो. पगार, दुरुस्ती, हिवाळ्यातलं हीटिंग हे सगळं पॉपकॉर्नवर आणि सभासदांच्या वर्गणीवर निभवायचं. आपण बॉस्टनला आलो तेव्हा हे थिएटर आयतं मिळालं, कारण आधीच्या लोकांनी ते राखलं. आता आपला वाटा उचलायला हवा.

— सांस्कृतिक समिती


ताई, नमस्कार.

भावना पोचली, पण माझा विरोध नोंदवते. मराठी शाळेच्या वर्गांचं भाडं भरताना दर वर्षी ओढाताण होते. अशा वेळी मंडळाच्या खात्यातून दुसऱ्या संस्थेला देणगी देणं मला पटत नाही. शिवाय मल्टिप्लेक्सला फुकट पार्किंग आहे. ब्रुकलाइनमध्ये आजी-आजोबांना घेऊन गाडी कुठे लावायची?

— शाळेतली एक पालक-शिक्षिका


शाळेचा पैसा शाळेलाच, यात दुमत नाही. ताईंनीही मंडळाच्या देणगीबद्दल लिहिलेलं नाही, वैयक्तिक सभासदत्वाबद्दल लिहिलंय. खेळ तर आपण लावणारच आहोत आणि हॉलचं भाडंही कुठेतरी भरणारच आहोत. ते कुणाच्या हाती जावं, एवढाच प्रश्न आहे.

मी पुण्याचा. अप्पा बळवंत चौकातलं प्रभात चित्रपटगृह १९३४ मध्ये सुरू झालं. मराठी सिनेमा लागला की पेठांमधून घरंच्या घरं चालत यायची. २०१४ च्या अखेरीस भाडेकरार संपला, वास्तू मूळ मालकांकडे, किबे कुटुंबाकडे, परत गेली आणि 'किबे लक्ष्मी' हे नाव लागलं. त्यात गैर काही नव्हतं, वास्तू त्यांचीच. पण ज्यांनी आयुष्यभर तिथे तिकिटं काढली, त्यांनी त्या निर्णयाची बातमी फक्त पेपरात वाचली. प्रेक्षकांनी एकत्र येऊन थिएटर चालवायचं, ही सोयच आपल्याकडे कधी उभी राहिली नाही. कूलिजला ती आहे, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

आणखी एक. तिथे २००५ पासून 'सायन्स ऑन स्क्रीन' चालतं. सिनेमाआधी एखादा शास्त्रज्ञ पडद्यासमोर उभा राहून त्या सिनेमाशी जोडलेल्या विषयावर बोलतो आणि मग दिवे मालवतात. आपल्यात डॉक्टर आहेत, संशोधक आहेत, शेतीवर काम केलेली माणसं आहेत. आपल्या खेळाआधीही त्यांच्यापैकी कुणी दहा-पंधरा मिनिटं मराठीत बोललं, तर मुलांना किती वेगळं काही ऐकायला मिळेल!

पार्किंगची अडचण खरी आहे. पण बॉस्टनच्या ग्रीन लाइन या लोकल रेल्वेची सी गाडी कूलिज कॉर्नरलाच थांबते. ज्येष्ठांना थेट दाराशी सोडायला मी आणि आणखी दोघं-तिघं गाडी घेऊन तयार आहोत.

— फ्रेमिंगहॅमचे काका


काका, गाड्यांची व्यवस्था होणार असेल तर माझा विरोध मागे. आणि ते बोलणं सिनेमाच्या आधीच ठेवा, नंतर मुलं थांबत नाहीत.

— पालक-शिक्षिका


नमस्कार.

हिशोबाच्या बाजूने थोडं. सभासदत्व किंवा देणगी प्रत्येकाने स्वतःच्या नावाने थेट थिएटरला द्यावी, मंडळामार्फत नको. पावती तुमच्या नावाची असली तरच कंपनीकडून मॅचिंग मागता येतं. इथल्या बऱ्याच कंपन्या तेवढीच रक्कम स्वतः घालतात, आणि आपल्यातले कितीतरी जण तो अर्ज कधी भरतच नाहीत.

दुसरं, हल्ली सिनेमा डिजिटल फाइलच्या रूपात येतो आणि ती उघडायची डिजिटल किल्ली त्या थिएटरच्या ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक तारखांपुरतीच मिळते. म्हणजे थिएटर, पडदा आणि वेळ पक्की झाल्याशिवाय मुंबईच्या वितरकाशी पुढचं बोलता येणार नाही. त्यामुळे घरटी किती जण येणार, त्यात ज्येष्ठ किती आणि कुणाला गाडी लागेल, हे शुक्रवारपर्यंत याच मेलला उत्तर देऊन कळवा. आकडा आला की रविवार दुपारच्या खेळासाठी मी थिएटरकडे विचारणा करतो.

— खजिनदार