आधी डबा की आधी कवच?

अंबरनाथचा_पत्रा

आधीच सांगून टाकतो. माझं अंबरनाथला इलेक्ट्रिकल पॅनेलचं छोटं वर्कशॉप आहे. पत्रा वाकवणे, पावडर कोटिंग, दाराला गॅस्केट, यातच आयुष्य गेलं. त्यामुळे "स्वतःच्या डब्याची जाहिरात करतोय" म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या. रेल्वेची टेंडरं मी भरत नाही, तेवढी ऐपत नाही.

रुळाशेजारी माणसाच्या छातीएवढा करडा डबा उभा असतो. लोकेशन बॉक्स म्हणतात त्याला. सिग्नल, पॉइंट मशीन (रूळ सरकवून गाडीचा मार्ग बदलणारं), ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते सांगणारं) या सगळ्यांच्या केबली तिथे येतात, टर्मिनलवर लागतात आणि मग स्टेशनच्या रिले रूमकडे जातात (रिले म्हणजे विजेवर चालणारे स्विच). स्टेशनात कितीही भारी इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग (सिग्नल आणि पॉइंट यांचा मेळ बसल्याशिवाय हिरवा न देणारी संगणकी यंत्रणा) बसवा, त्याला बाहेरचं जग दिसतं ते या डब्यातून. डब्यात शेण असेल तर संगणकालाही शेणच दिसणार.

मागच्या पावसाळ्यात एका स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा होतो. तिथल्या डब्याची खालची बिजागरी गंजून गेली होती, दार सुतळीने बांधलेलं, आणि केबल आत जाते त्या भोकात ग्लँडऐवजी (केबलभोवतीची फट बंद करणारं बूच) चिंधी. शंभर मीटरवर नवाकोरा एलईडी सिग्नल झळकत होता. धोतर फाटकं आणि डोक्यावर जरीचा फेटा!

२ जून २०२३ ला बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेस मालगाडीवर आदळली, २९० हून जास्त माणसं गेली. तिथे इंटरलॉकिंग इलेक्ट्रॉनिकच होतं. तरी गाडीला मेन लाइनचा हिरवा सिग्नल आणि पॉइंट लूपकडे, म्हणजे मालगाडी उभी होती त्या बाजूच्या लाइनकडे. गोंधळ झाला तो गुमटीतल्या (सिग्नलची उपकरणं ठेवायची रुळालगतची खोली) आणि फाटकाच्या डब्यातल्या तारांचा.

माझं म्हणणं एवढंच. कवच (ड्रायव्हर लाल सिग्नल ओलांडायला लागला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा), फायबर, सगळं आणा. पण ज्या किलोमीटरवर कवच बसवणार, तिथले डबे आधी बदला.

बाइनरी_बंड्या

भावना पोचल्या, उदाहरण चुकलं. बहानगाच्या अहवालात काय होतं? सिग्नल गुमटीत पूर्वी सर्किट बदललं ते नीट तपासलं गेलं नाही, आणि फाटकाच्या लोकेशन बॉक्समधल्या तारांची लेबलं कित्येक वर्षं चुकीची होती. पाणी गेलं नव्हतं, गंज लागला नव्हता. तिथे तुमचा आयपी ६७ चा (धूळ-पाणी आत न शिरू देणारा) डबा असता तर ते चुकीचं लेबल कोरडं राहिलं असतं, एवढंच.

मुळात डबा सुधारणं म्हणजे बैलगाडीला रबरी टायर लावणं. एका यार्डात तांब्याच्या शेकडो तारा धावतात, प्रत्येक तारेला दोन टोकं, प्रत्येक टोकाशी माणूस चुकू शकतो. त्याऐवजी पॉइंटजवळच कंट्रोलर ठेवा आणि स्टेशनपर्यंत फायबरच्या दोन वेगवेगळ्या मार्गांच्या जोड्या न्या. प्रत्येक उपकरण स्वतःची ओळख सांगेल. तार चुकीच्या जागी लागली तर यंत्रणा ती स्वीकारणारच नाही. चूक करायची सोयच काढून टाकायची. डिजिटल म्हणतात ते याला. नुसत्या एलईडीला नव्हे.

अंबरनाथचा_पत्रा

आणि तो पॉइंटजवळचा कंट्रोलर ठेवणार कशात? ताडपत्रीत? जुन्या डब्यात नुसते टर्मिनल होते, ओले झाले तर पुसून चालायचे. तुम्ही त्यात आता सर्किट बोर्ड घालणार. म्हणजे डबा जास्तच चांगला लागणार. माझाच मुद्दा मला परत दिलात, आभारी आहे.

शिवाय कवचाला माहिती मिळते ती इंटरलॉकिंगकडूनच. सिग्नलच खोटं बोलला तर कवच त्याच खोट्यावर विश्वास ठेवून गाडी पळू देईल.

गुमटीवाला

दोघंही ऑफिसात बसून बोलताय असं वाटतं. मी ३१ वर्षं सिग्नल मेंटेनर होतो, आता निवृत्त. थोडं ऐका.

डबा हवाबंद केला की प्रश्न सुटतो हा शहरी समज. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश. लोखंडी डबा उन्हात उभा, आत हात घातला तर टर्मिनलचा पितळी नट चटका देतो. दिवसभर आतली हवा फुगते. संध्याकाळी वळवाची सर आली की डबा झटक्यात गार पडतो, आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही बाहेरची ओल ओढून घेते. सकाळी दार उघडा, आतल्या छताला दव! पाणी आत पडलं नव्हतं, डब्याने ओढून घेतलं. म्हणून जुन्या डब्यांना दुहेरी छप्पर आणि जाळीची झडप असायची. ते वेड्यांनी केलेलं नव्हतं.

आणि झडप ठेवली की पाल येते, मुंगळे येतात, उंदीर तर घरचेच. एकदा रात्री दोनला सिग्नल फेल म्हणून गेलो, सायकलवर बॅटरी बांधून. दार उघडलं तर उंदरिणीने रिलेच्या मागे कापसाचं घरटं केलेलं, चार पिल्लं. कापूस कुठला? माझ्याच मागच्या भेटीतला, टर्मिनल पुसायला आणलेला. तिथेच विसरलो होतो.

आता कोणती वस्तू निकामी होते ते. दारच. डबा कारखान्यातून येतो तेव्हा आयपी ६७ असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा. ही परीक्षा दार लावून, भोकं न पाडता घेतात. आमच्याकडे तो आठवड्यातून दोनदा उघडतो, कधी पावसातच उघडावा लागतो, आणि नवी केबल आली की कुणीतरी ड्रिल घेऊन पाचवं भोक पाडतो. पत्रावाले, तुमच्या गॅस्केटचं आयुष्य किती उघडझापींचं, ते सांगा.

लेडीज_डबा_डोंबिवली

मी आपली रोजची प्रवासी. २६ जुलै २००५ ला कॉलेजात होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. रुळांवरून चालत घरी आले, मैत्रिणीची चप्पल वाहून गेली. तेव्हापासून एकच प्रश्न छळतो. जरा पाणी साचलं की "सिग्नल यंत्रणेत बिघाड" अशी घोषणा होते. वीस वर्षांत डबा उंचावर ठेवायला कुणाला सुचलं नाही? की डबा उंच असूनही बिघाड होतो?

गुमटीवाला

ताई, बऱ्याच वेळा डबा कोरडाच असतो. दोन्ही रुळांतून बारीक करंट सोडलेला असतो, त्याला ट्रॅक सर्किट म्हणतात. गाडी आली की चाकं-धुरा दोन्ही रूळ जोडतात, करंट पलीकडे पोचत नाही, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. आता खडीत गढूळ पाणी भरलं की तेही दोन रूळ जोडतं. यंत्रणेला वाटतं गाडी उभी आहे. लाल. आपण बिघाड म्हणतो, पण ती बिचारी "मला खात्री नाही, थांबा" एवढंच म्हणते. हेच अभिप्रेत आहे. खात्री नसताना हिरवा दिला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि पाणी फारच चढलं तर लोकलच्या मोटारी पोटाखाली असतात. सिग्नल हिरवा असला तरी गाडी नेता येत नाही.

बाइनरी_बंड्या

बघा! ट्रॅक सर्किटच्या जागी डिजिटल अॅक्सल काउंटर लावा. रुळाला लावलेला सीलबंद सेन्सर आत गेलेल्या धुरा मोजतो आणि बाहेर आलेल्या मोजतो. आकडे जुळले तर लाइन मोकळी. मध्ये पाणी असो, शेवाळ असो, फरक नाही. ताईंचा प्रश्न तंत्रज्ञानानेच सुटतो, पत्र्याने नाही.

गुमटीवाला

काउंटर चांगला आहे, मी स्वतः सांभाळलाय. पण थंडीत पहाटे रूळ तडकला तर ट्रॅक सर्किट तुटतं आणि सिग्नल लाल होतो. तडे जाणारा प्रत्येक रूळ पकडला जातो असं नाही, पण पुष्कळ पकडले जातात. काउंटरला तडा दिसत नाही, तो फक्त धुरा मोजतो. म्हणजे पावसाळ्याचं दुखणं बरं करून थंडीचा चौकीदार कमी केला. नको म्हणत नाही मी. किंमत सांगतोय.

रत्नागिरीचा_खारा_वारा

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, तेव्हापासून आमचं घर रुळालगत. इथे पावडर कोटिंगचा कस लागतो. खारं वारं स्क्रूच्या आट्यात शिरतं. बाहेरून डबा गणपतीला रंगवल्यासारखा आणि कडी ओढली तर हातात. आयपीच्या आकड्यात मिठाचा हिशोब नसतो, तो वेगळ्या चाचणीत असतो आणि खरेदीच्या वेळी त्याबद्दल विचारणारे थोडेच.

बंड्यासाठी एक आठवण. 'कवच' हे नाव आज गाजतंय, पण गाड्यांची टक्कर टाळणारं 'रक्षा कवच' कोकण रेल्वेने बी. राजाराम व्यवस्थापकीय संचालक होते त्या काळातच बनवलं होतं. जीपीएस आणि रेडिओवर चालायचं. पूर्वोत्तर सीमा रेल्वेवर बसवलंही, पण देशभर पसरलं नाही. तेव्हा नवं म्हणून भुलू नका आणि जुनं म्हणून हसू नका. आमच्याकडे तर दरड कोसळली की तुमचा डबा आणि तुमचं कवच दोन्ही एकाच मातीखाली.

परभणी_पॅसेंजर

मुंबई-कोकणवाल्यांचं सगळं पाण्यावरच. आमच्याकडं पाणी पडलं तरी पेढे वाटतो राव.

'कवच' म्हटलं की सगळ्यांना दिल्ली-मुंबई आठवते. मनमाड-मुदखेड आणि परभणी-विकाराबाद ह्या आमच्या लाइनींवर ते आधी आलंय, दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटरमध्ये. एरवी मराठवाड्याला पहिल्यांदा काय मिळतं? म्हणून मी बंड्याच्या बाजूनं. डबे बदलायची वाट पाहत बसलो असतो तर आमचा नंबर पुढच्या जन्मी लागला असता. ड्रायव्हरनं धुक्यात लाल सिग्नल ओलांडायला घेतला तर ब्रेक लागतो, हे डब्यानं होत नाही.

पण एक खरंय. स्लीपरवर आरएफआयडी टॅग असतात, त्यावरून इंजिनाला आपण कुठं आहोत ते कळतं. खडी ठोकायचं मशीन आलं की ते टॅग कोण सांभाळणार? आणि केबलचोर? त्यांना तांबं आणि फायबर यातला फरक कळत नाही. आधी कापतात, मग बघतात.

अंबरनाथचा_पत्रा

गुमटीवाले काका, गॅस्केटचं विचारलंत. प्रामाणिक उत्तर: साधं रबर आमच्या उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होतं, मग दार कितीही आवळा, फट राहतेच. सिलिकॉनचं जास्त टिकतं, महाग पडतं. आणि ती दवाची गोष्ट खरी आहे. त्यासाठी हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पडदीची बुचं मिळतात, अंगठ्याएवढी. किंमत डब्याच्या मानाने किरकोळ. मग ती दिसत का नाहीत? कारण मागणाऱ्याच्या कागदावर "आयपी ६७" लिहिलं की बाकी कुणी वाचत नाही.

परभणीकर, तुमचं पटलं. "आधी डबे, मग कवच" हे वाक्य मी मागे घेतो. एकाच ब्लॉकमध्ये (कामासाठी गाड्या थांबवतात त्या वेळात) दोन्ही कामं करा, असं म्हणतो.

बाइनरी_बंड्या

अर्धं मागे घेतलंत, मीही अर्धं घेतो. बोर्ड ठेवायला डबा लागतोच. पण बहानगाचं अजून कुणी उत्तर दिलं नाही. चुकीचं लेबल कसं पकडणार?

गुमटीवाला

पकडायची रीत जुनीच आहे. काम काढण्याआधी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो, टी/३५१. तो सही करेपर्यंत तारेला हात नाही. काम झालं की नकाशाशी ताडून प्रत्येक पॉइंट, प्रत्येक सिग्नल चालवून बघायचा, मग रिकनेक्शन. बहानगानंतर गुमट्यांना दुहेरी कुलूप लावायचे आदेश निघाले. चांगलं झालं. पण दोन कुलुपं लावली आणि ब्लॉक मिळाला अर्ध्या तासाचा, की माणूस तपासणीच गिळतो. वरून फोन चालू असतो, "झालं का, झालं का". लेबल चुकीचं हे त्या डब्यात आधी काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. "ती तार उलटी आहे, लक्षात ठेव" असं एकमेकांना सांगून चालवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. सांगणारा निवृत्त झाला की संपलं.

पत्रावाले, एक कराल? दाराच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा ठेवायला कप्पा. आमच्या डब्यात तो नसायचा, नकाशा ऑफिसात कपाटात आणि आम्ही पावसात.

अंबरनाथचा_पत्रा

पारदर्शक, झाकणासकट, ए-३ घडी घालून बसेल एवढा. उद्याच नमुना करतो.

बाइनरी_बंड्या

कागद कशाला, क्यूआर कोड चिकटवा. फोनवर ताजा नकाशा दिसेल.

गुमटीवाला

स्टिकर दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो बाबा, आणि यार्डाच्या टोकाला तुझा फोन शोधतच बसतो. पत्र्यावर कोरून घे. कागदही ठेव.

लेडीज_डबा_डोंबिवली

आणि काका, कापूस परत घेऊन जात जा.